प्लाझ्मावती, गाभ्याबाहेरची

७ फेब्रुवारी २०१५

हो म्हटलं! म्हणजे तोंडाने ‘बघू’ म्हटलं, पण त्याला काय समजायचं ते समजलं.

वासिस आज रक्तपेढीत आला. रक्त द्यायला. फिजिक्सचा मास्तर, सुईला टरकतो, तरी नेमाने येतो. का येतो ते आमच्या शिपायालासुद्धा ठाऊक आहे. मी सुई टोचली. तो छताकडे बघत म्हणाला, "रजब महिन्यात रजा मिळेल का तुला?"

"कशाला?"

"लग्न करावं म्हणतो."

"कुणाशी?"

"जिच्या हातात आत्ता माझी शीर आहे तिच्याशी."

पडद्यामागून रोस्माइदाबाई ओरडल्या, "हो म्हण गं पटकन! पिशवी भरत आली, मग उठून जाईल तो!" बाई आमच्या पेढीच्या प्रमुख, आणि जातीच्या बाताक. बाताक माणसाला कुजबुजता येत नाही. बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

मी बघू म्हटलं. मग त्याला गोड चहा दिला आणि बिस्किटाचे दोन पुडे. नियम एकाचा आहे.

९ फेब्रुवारी

दिवसभर हसतेय. एकटीच. सेंट्रिफ्यूजचं झाकण लावायचं विसरले, यंत्राने बोंब मारली, तरी हसतेय.

वासिस आणि प्लाझ्मावती. प्लाझ्मावती आणि वासिस. कसंही लिहा, वाईटच दिसतं! आम्हा जावावाल्यांत आडनाव नसतं, त्यामुळे लग्नाने नाव बदलायचीही सोय नाही. मरेन तेव्हा थडग्यावरही प्लाझ्मावतीच.

लिहूनच काढते एकदा, म्हणजे डोक्यातून जाईल. बापा आणि माक (माझी आई) जावाहून जहाजाने इथे जांबीत आले. जंगल तोडून कंपनीने तेलाच्या पामचा मोठा मळा केला होता, तो ‘गाभा’. गाभ्याभोवती आमच्यासारख्यांना दोन-दोन हेक्टर पाम वाटून दिले, तो ‘प्लाझ्मा’. कुणा साहेबाला शाळेतला पेशीचा धडा आठवला असणार. मधोमध केंद्रक, भोवती रस. शिक्का बसला आणि आम्ही सगळे रस झालो. आता रस पिकवतो, घड तोडतो आणि गाभ्याच्या गिरणीत नेऊन घालतो.

बापाला जमिनीची चिठ्ठी लागली त्याच आठवड्यात मी जन्मले. एकुलती एक. आणि बापाने नाव ठेवलं — प्लाझ्मावती! दुसऱ्या कुणाच्या बापाला हे सुचलं नसतं. शेजारच्यांनी मुलीचं नाव श्री ठेवलं. पलीकडच्यांनी सुतिनी. माझ्या बापाने सरकारी कागदावरचा शब्द उचलला, त्याला ‘वती’ लावलं, झालं!

शाळेत गाभ्यातली मुलं बसने यायची, आम्ही सायकलने, पोटरीपर्यंत लाल माती. हजेरी घेताना नवा मास्तर माझ्यापाशी अडखळायचा आणि वर्ग आधीच हसायला तोंड उघडून बसलेला. "ए, ती बघ, हिच्यात दोन हेक्टर आहेत!" हे एका मुलाने म्हटलं होतं. त्याला मी डब्याने मारलं. तेंपेचे, म्हणजे सोयाबीनच्या वडीचे, तुकडे त्याच्या केसांत.

१२ फेब्रुवारी

वासिसबरोबर तळ्याकाठी बसले होते. चहाच्या टपरीवर नळीचा दिवा लुकलुकत होता. तो म्हणाला, "बघ, तू तिथे आहेस."

"कुठे?"

"नळीत. आतला वायू तापून फुटतो, त्याचे तुकडे विजेने भारलेले असतात. त्याला प्लाझ्मा म्हणतात. पावसात वीज पडते ती प्लाझ्मा. सूर्य प्लाझ्मा. सगळे तारे प्लाझ्मा. दिसणारं विश्व जवळजवळ सगळं तूच आहेस."

बारावीच्या मुलांना हे असं शिकवत असेल तर सगळ्या मुली फिजिक्सला जात असतील. मी लाल झाले. मग सावरून म्हटलं, "मास्तर, आमच्या पेढीत मी पिवळी असते. रक्त फिरवलं की लाल खाली बसतं, वर पिवळं राहतं, ती मी. आणि माणूस पादांगवाल्याच्या हॉटेलातून नारळाचा तेलकट रस्सा ओरपून आला असेल तर मी दुधासारखी पांढरी होते आणि फेकून द्यावी लागते."

तो इतका हसला की चहावाल्याने बघितलं.

मग त्याने सांगितलं की रक्ताचं नाव आधीचं. वायूचं मागाहून. कुणा शास्त्रज्ञाला नळीतला वायू बघून रक्त आठवलं म्हणे. रक्तातला रस पेशी वाहून नेतो, तसा हा वायू कण वाहून नेतो. म्हणजे ताऱ्यांनी नाव आमच्या रक्तपेढीतून उसनं नेलं! रोस्माइदाबाईंना उद्या सांगणार.

१३ फेब्रुवारी

सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग ताऱ्यांना म्हण, सोमवारी रिकाम्या पिशव्या परत करा."

१७ फेब्रुवारी

हा शब्द आता सगळीकडे दिसायला लागलाय. नवी चप्पल घेतली की सगळ्यांच्या पायात तीच दिसते तसं.

गियोकाका आला होता. सध्या अख्ख्या देशाला अकीकच्या खड्यांचं वेड लागलंय, आणि काकाला जरा जास्तच. दहा बोटं कमी पडतात म्हणून दोन अंगठ्या गळ्यात. येता-जाता खडा नाकाला घासून चमकवतो, नाकाचं तेल उत्तम म्हणे! आज एक गडद हिरवा खडा आणला. त्यावर बॅटरी मारून म्हणाला, "वती, ओळख बघू हा कोण? दुकानदार म्हणाला, जुन्या पुस्तकात या हिरव्या दगडाचं नाव प्लाझ्मा! पूर्वी यावर मुद्रा कोरायचे."

"काका, तुला गंडवलं."

"गंडवलं असेल तर नावापुरतं गंडवलं. दगड खराय."

संध्याकाळी वासिसच्या शाळेतला जाडा कोश उघडून आम्ही दोघांनी बघितलं. काका खरा निघाला! आणि त्याच पानावर सगळ्याच्या मुळाशी एक जुना ग्रीक शब्द — साच्यात घालून घडवलेली वस्तू. म्हणजे मातीची पणतीही प्लाझ्मा, मूर्तीही प्लाझ्मा. मग कुणीतरी तो शब्द रक्ताला लावला, कुणी पेशीच्या रसाला, कुणी वायूला, कुणी टीव्हीला. शेवटी कुणी आमच्या बापाला.

हा शब्द माझ्याहून जास्त हिंडलाय. मी अजून पालेंबांगच्या पुढे गेलेली नाही.

२१ फेब्रुवारी

वासिसच्या घरी जाऊन आले. सासूबाईंचं पहिलं दर्शन!

वासिसचे वडील कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, आता हयात नाहीत. आई, हार्तातीबाई, अजून गाभ्यातल्या वसाहतीत राहतात. कुंपण, पहारेकरी, कापलेलं गवत. फाटकाजवळच रोपवाटिका आणि तिच्यावर पाटी — ‘प्लाझ्मा नुत्फाह’. पामच्या अस्सल वाणांचं बीजद्रव्य जपून ठेवायची जागा. मी खुदकन हसले. गाभ्याच्या पोटात प्लाझ्मा, आणि त्याला कुलूप!

हार्तातीबाई गोऱ्या, बारीक, अंगावर रेशमी कबाया. बसायच्या खोलीत भिंतभर टीव्ही. "हा प्लाझ्मा आहे हं," त्या म्हणाल्या. "आता बनवत नाहीत. याच्या काळ्या रंगाला तोड नाही." मी माझं नाव सांगायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. वासिस खोकत खोकत उठून पाणी प्यायला गेला.

जेवण छान होतं. मी दोनदा घेतलं. बहुधा एकदाच घ्यायला हवं होतं.

२४ फेब्रुवारी

निरोप आला. लग्न मान्य आहे. पण नाव बदला!

मुलामुलीचे जन्मवार सुरोआजोबांकडून जुळवून घेतले म्हणे. सुरोआजोबा म्हणजे आमच्या भागातले सगळ्यांत जुने जाणकार. सात वार आणि आमचे पाच बाजारवार मिळून जो दिवस येतो त्याचा आकडा काढतात. आकडा म्हणतो, या जोडीत नावाचा भार कुठेतरी चुकलाय. हार्तातीबाईंनी ठरवून टाकलं की चूक माझ्यात. "मुलीला नाव जड झालंय. आजारी मुलाचं बदलतात ना, तसं बदला. लाल-पांढरी खीर करा, चार लोकांना वाटा, झालं."

आणि खरं सांगू? मी खोलीत जाऊन नाचले! पंचवीस वर्षं मी याचीच वाट बघत होते. फुकटात सुटका! वर नवराही!

२६ फेब्रुवारी

नावं. सेकार, केंचाना, पुस्पितासारी, रात्नानिंग्सिह. रात्नानिंग्सिह मस्त आहे! नाव घेतानाच पदर सावरावासा वाटतो.

रोस्माइदाबाई म्हणाल्या, आधी वापरून बघ, मग विकत घे. आज दिवसभर पेढीत सगळ्यांनी मला रात्नानिंग्सिह म्हणायचं ठरलं. मी एकदाही वळून बघितलं नाही. रक्त द्यायला आलेला एक म्हातारा बाईंना म्हणाला, "पोरगी गुणाची आहे, पण कानाने अधू दिसते."

१ मार्च

बापाला सांगितलं. भीत भीतच. तो अंगणात घड उतरवायच्या लांब काठीचा कोयता पाजळत होता. मला वाटलं चिडेल. निदान तोंड पाडेल. मी मनात सगळं भांडण पाठ करून गेले होते.

"बदल की," म्हणाला. "हवं ते घे. खीर मी शिजवतो."

एवढंच! कोयत्याला धार लावत राहिला. माक तांदूळ पाखडत राहिली.

हायसं वाटायला हवं. वाटत नाहीये. जन्मभर जे नाव मी ओझं म्हणून वाहिलं ते त्याला एवढं सहज टाकून देता येतं? मग ठेवलंच कशाला? मी बापावर रुसलेय आणि का रुसलेय ते धड सांगता येत नाही.

५ मार्च

नाव ठरवायचंय. ठरत नाहीये. केंचाना म्हणून बघितलं, तर आरशातली मुलगी दुसऱ्याच कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखी दिसली.

८ मार्च

आता खरं कारण कळलं.

वासिसच बोलून गेला. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा गुण, आणि आज तोच नडला. म्हणाला, "अगं, आकडा वगैरे निमित्त. आईला लग्नपत्रिकेची धास्ती आहे. वर ‘प्लाझ्मावती’ छापलं की वसाहतीतल्या बायका म्हणतील, हार्तातीने शेवटी प्लाझ्मातली आणली. नावातच लिहिलंय, लपवायलाही जागा नाही!" आणि हसला. मीही हसेन असं त्याला वाटलं.

मी हसले नाही. म्हटलं, "म्हणजे घरात टीव्ही प्लाझ्मा चालतो, सून प्लाझ्मा चालत नाही?"

"वती, तसं नाही—"

"तसंच आहे! माझं नाव मला नकोसं होतं, ते माझं मी बघेन. पण तुझ्या आईला माझा बाप लपवायचाय. पहाटे उठून घड उतरवतो तो. त्या घडांचं तेल तुमच्या गाभ्याच्या टाकीत जातं. त्या तेलात तुम्ही केळी तळून खाता. तेव्हा लाज वाटत नाही!"

"नाव बदललं तरी तू तूच राहशील की."

"मग बदलायचं कशाला?"

शेवटी मी सांगून टाकलं, नाव राहील आणि मी राहीन. नाव गेलं तर मीही गेले. घरी येऊन भांडी घासली. जोरात.

११ मार्च

फोन नाही.

१५ मार्च

नाही.

पेढीत पिशव्या लावताना बघत बसले. पिवळ्या, सगळ्या सारख्या, गोठवून ठेवलेल्या. कुणा भाजलेल्याला लागतात, कुणा बाळंतिणीला. गाभ्यातला माणूस कोण आणि बाहेरचा कोण, पिशवीवरून ओळखू येत नाही. मी काही फार मोठं लिहितेय असं नाही. पण आज हा शब्द माझा वाटला. पहिल्यांदाच. इतका की कुणी मागितला तर द्यायचा नाही.

आणि वासिसची आठवण येते. वाईट येते. सुईला घाबरणारा माणूस दुसऱ्या कुठल्या पेढीत गेला तर? तिथल्या नर्सला माहीत नसेल की त्याच्याशी बोलत राहावं लागतं.

१९ मार्च

आला! रक्त द्यायला! मागच्या वेळेला अजून दोन महिने झाले नाहीत, रोस्माइदाबाईंनी हाकलला. तो म्हणाला, "मग नुसती सुई टोचा. मला प्रायश्चित्त हवंय."

बाई म्हणाल्या, "तू हिची माफी माग. सुईपेक्षा ते जास्त दुखतं."

मागितली. बाकावरच्या सगळ्यांसमोर. एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. तो म्हणाला, आईला मी सांगितलं, नाव बदलणार नाही. आई रडली. मग म्हणाली, सुरोआजोबांच्या तोंडून ऐकू द्या, त्यांच्यासमोर बसू सगळे, ते म्हणतील ते मान्य. तर पुढच्या शनिवारी बैठक. आजोबा म्हणाले की नाव बदला, तर मी काय करणार? माहीत नाही! तरी आज पुन्हा बिस्किटाचे दोन पुडे दिले, रक्त न घेता.

२८ मार्च

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सुरोआजोबांची ओसरी. चटईवर एका बाजूला मी, बापा, माक. दुसऱ्या बाजूला वासिस आणि हार्तातीबाई. मध्ये शेंगदाणे, वाफवलेली केळी आणि आजोबांच्या गुडघ्याशी त्यांचा चहाचा पेला. बापा चटईचा धागा उसवत बसलेला.

आजोबा म्हणाले, "मुलगा गुरुवारचा, बाजारवार वागे. मुलगी सांगितली त्याप्रमाणे. भार जुळत नाही, हे मी आधीच बोललोय."

हार्तातीबाई लगेच, "म्हणूनच म्हणते, तिचं नाव—"

"थांब बाई. आधी शेंगदाणे खा."

खाल्ले. मग वेळ भरायला म्हणून असेल, किंवा मुलाचं कौतुक असेल, हार्तातीबाई वासिसच्या जन्माची गोष्ट सांगायला लागल्या. कंपनीच्या दवाखान्यात कसा पहिलाच मुलगा, डॉक्टर कसा खुद्द मेदान शहरातला. "आणि काय सांगू, आजोबा! मगरीबची बांग झाली, नमाज उरकून लोक घराकडे निघाले, आणि याने पहिलं ट्यँ केलं. नर्स म्हणाली, मुलगा आमीन म्हणायला आलाय!"

आजोबांनी पेला खाली ठेवला.

"मगरीबनंतर?"

"हो ना, अंधार पडला होता."

"आणि तू मला गुरुवार दिलास?"

"दाखल्यावर गुरुवारच आहे—"

"दाखला सरकारचा! आपला दिवस सूर्य बुडाला की बदलतो, हे तुझ्या आईने शिकवलं नाही तुला? सूर्य बुडाल्यावर जन्मला म्हणजे हा गुरुवारचा नव्हेच. हा शुक्रवार-क्लिवोनचा!"

शुक्रवार-क्लिवोन! ज्या रात्री माणसं लवकर दारं लावून घेतात, ती! सगळ्यांत भारी दिवस. आणि हा आमचा सुईला घाबरणारा बाबा त्या दिवसाचा! मी खाली मान घालून हसू दाबत होते, खांदे हलत होते. माकने चिमटा काढला.

आजोबांनी बोटांवर पुन्हा मोजलं. "तरीच आकडा अडत होता. पोरीच्या नावात काही खोट नाही. खोट पोराच्यात आहे. दिवस एवढा भारी, खांदे एवढे भरभक्कम, आणि नाव? वासिस! किडकिडीत. दोन अक्षरं वाढवून मिळाली असती तर काय गेलं असतं? याला वजनदार नाव हवं."

"पण... मुलाचं?" हार्तातीबाईंनी हातातले शेंगदाणे खाली ठेवले.

"मुलाचंच तर बदलतात! लग्न झालं की पुरुषाने मोठेपणचं नाव घ्यायचं, ही रीत. तुम्ही वसाहतीत राहून विसरलात. आणि ते नाव," आजोबांनी केळं सोललं, सावकाश, "सासऱ्याने द्यायचं."

सगळ्यांनी बापाकडे बघितलं.

ज्या माणसाने पोटच्या पोरीचं नाव प्लाझ्मावती ठेवलं, त्या माणसाकडे!

२९ मार्च

वासिसचा फोन. हसून हसून बोलता येईना. "प्लाझ्मान्तो! लिहून ठेव, तुझा बाप मला प्लाझ्मान्तो करणार. पत्रिकेवर दोन-दोन!"

"चालेल तुला?"

"विश्वातलं जवळजवळ सगळं होईन की!"

मी या माणसाशी लग्न करतेय! करतेय करतेय करतेय!

२ एप्रिल

हार्तातीबाई आमच्या घरी आल्या! प्लाझ्मात! पाऊस होऊन गेलेला, गाडी वळणावर रुतली, शेवटचा पल्ला चालत, उंच टाचांच्या चपला हातात. सोबत थरांचा केक, लोण्याने निथळणारा. तो बापापुढे ठेवला.

"दादा, सहज आले. आर्यो किती छान नाव आहे, नाही? किंवा बागुस. माझ्या माहेरी एक विबिसोनो होते, फार मान होता त्यांना."

"हं," बापा म्हणाला.

"खतांची, झाडांची, अशी... नसतात ना नावं, माणसांची?"

"हं."

माकने पाय धुवायला पाणी दिलं, पाय धुता धुता त्या म्हणाल्या, "मला हसलेलं सहन होत नाही हो. लहानपणापासून. माझे वडील गवंडी होते, वसाहतीत कुणाला माहीत नाही." माकने टॉवेल दिला. जाताना त्यांना केळफुलाची भाजी बांधून दिली, आणि त्यांनी ती घेतली. त्यांच्याबद्दल मी आधी जे जे लिहिलंय ते खोडत नाही. पण आज त्या मला आवडल्या.

६ एप्रिल

बापा नाव देत नाही! छापखानेवाला खोळंबलाय. बापा कामावरून येतो, चहा पितो, पुन्हा पामच्या रांगांत जाऊन उभा राहतो. गियोकाका म्हणाला, खडा देऊ का, डोकं चालतं त्याने. बापाला विचारलं तर म्हणतो, "हं." एवढा विचार माझ्या वेळी केला असता तर!

हे वाक्य मी त्याला तोंडावर म्हटलं. गमतीत. तो हसला नाही.

१२ एप्रिल

बापाने नाव दिलं. जोयोहादिनिंग्रात.

मी म्हटलं, "बाप रे! राजवाड्यातलं?" माक ताटं उचलून आत गेली.

बापा जमिनीकडे बघत म्हणाला, "तुझ्या भावाचं होतं. जावात असताना. तुझ्या आजोबांनी ठेवलं, आपण चुना भाजणारी माणसं, आणि नाव असं. दात यायच्या आत गेला. लोक म्हणत होते, नाव जड झालंय, बदला. खिरीचे तांदूळ भिजत घातले होते." मला भाऊ होता, हे मी आज पहिल्यांदा ऐकत होते. "तू झालीस तेव्हा मला असा शब्द हवा होता, की त्या नावाने आपल्यात कुणी जगलं नाही, कुणी गेलं नाही. तो जमिनीच्या कागदावर सापडला. अर्थ मी कुणाला विचारला नाही. मुद्दाम."

"आणि ते नाव आता वासिसला?"

"शुक्रवार-क्लिवोनचा आहे तो. पेलेल त्याला."

वासिसला फोन लावला. मी नुसतं नाक पुसत राहिले. तो घाबरून म्हणाला, "काय झालं? फार वाईट नाव आहे का?"

म्हटलं, नाही. दोन्ही हातांनी घे.